कोल्ड स्टोरेजमध्ये आयपी कॅमेरे: बेदाण्याचा हंगाम आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सांगलीजवळ कुपवाडला आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, फार मोठं नाही. गेल्या दिवाळीनंतर जुने ॲनालॉग कॅमेरे काढून आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कवर चालणारे, टाकले, चार मेगापिक्सेलचे बारा, सोबत सोळा चॅनलचा एनव्हीआर (रेकॉर्डर) आणि दोन पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरमधनंच कॅमेऱ्याला करंटपण देणारे. आता हंगाम आणि पावसाळा दोन्ही बघून झालेत म्हणून लिहायला बसलोय, कारण व्हिडिओत जे रिव्ह्यू असतात ते सगळे खोका उघडून दाखवायचे, भिंतीवर गेल्यानंतर काय होतं ते कुणी सांगत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. कॅमेरा चांगलाच आहे, आणि जो त्रास झाला तो कुठल्याबी कंपनीच्या कॅमेऱ्याला झाला असता, कारण सगळा घोळ कॅमेऱ्याच्या मागं होता. ॲड्रेस (नेटवर्कवरचा कॅमेऱ्याचा नंबर), करंट आणि वायर.

आधी हे कशासाठी घेतले ते सांगतो. आमच्या धंद्यात भांडण एकाच गोष्टीवरनं, पेट्या किती आल्या आणि किती गेल्या. पंधरा किलोची पेटी, एका लॉटला शेकड्यानं पेट्या, शेतकरी म्हणतो चारशे दिल्या, ड्रायव्हर म्हणतो होत्या तेवढ्या उतरवल्या, आणि दिवाणजींच्या वहीत तीनशे नव्वद. जुन्या कॅमेऱ्यात माणूस दिसायचा पण हमालाच्या पाठीवर एक पेटी आहे का दोन ते कळायचं नाही. नव्यात कळतं, अगदी लॉट नंबरचा मार्कापण वाचता येतो दिवसा. एवढ्या एका कामासाठी पैसे वसूल.

पण हे सगळं सुरळीत चालायला बराच वेळ गेला. बसवणारा पोरगा कामाला चांगला, ड्रिलिंग वगैरे एकदम साफ, फक्त त्याची सगळी हयात ॲनालॉगमध्ये गेलेली, वायर जोडली की चित्र येतं ही सवय. त्यानं बाराच्या बारा कॅमेरे स्विचला लावले, एनव्हीआर चालू केला, आणि लिस्टमध्ये कधी एक कॅमेरा दिसतोय, कधी दुसरा, कधी एकच कॅमेरा चार खिडक्यांत. फॅक्टरीतनं येताना एका कंपनीच्या सगळ्या कॅमेऱ्यांचा ॲड्रेस एकच असतो, हिकव्हिजनचे १९२.१६८.१.६४ वर येतात, दाहुआचे १९२.१६८.१.१०८ वर, आणि एकाच नेटवर्कवर सगळे एकदम लावले की एका ॲड्रेसला बारा जण ओ देतात. त्यात आजकालच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना आधी पासवर्ड टाकून ॲक्टिव्हेट करावं लागतं, तोपर्यंत ते चित्रच देत नाहीत. आणि वरनं आमच्या नेटवाल्याचा राऊटर वेगळ्याच रेंजमध्ये, १९२.१६८.० वाल्या, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरनं कॅमेऱ्याचं पेज उघडायचंच नाही. त्याला वाटलं पीसच खराब आहेत, परत पाठवूया म्हणाला. कस्टमर केअरला फोन लावला तर तिकडनं दर वेळी एकच, रिसेट करा सर. रिसेट केलं की तो परत त्याच जुन्या ॲड्रेसवर जातोय, म्हणजे रोग तोच आणि औषधानंच वाढतोय.

एकेक कॅमेरा लावून, लॅपटॉपला हातानं त्याच रेंजचा ॲड्रेस देऊन, कंपनीच्या शोधायच्या सॉफ्टवेअरमधनं प्रत्येकाला वेगळा नंबर दिला तेव्हा कुठं सगळे उभे राहिले. तरी थोड्या दिवसांनी दोन कॅमेरे अधनंमधनं गायब व्हायला लागले, सकाळी हमखास. तर काय, राऊटर नव्या मोबाईलला आणि बिलिंगच्या प्रिंटरला आपोआप जे ॲड्रेस वाटत होता त्यात कॅमेऱ्याला दिलेले नंबरपण होते, आणि सकाळी स्टाफ आला की कुणाच्यातरी मोबाईलला कॅमेऱ्याचाच नंबर जायचा. राऊटरमध्ये डीएचसीपीची, म्हणजे आपोआप वाटायच्या नंबरांची, रेंज १०० ते २०० केली आणि कॅमेरे २१ पासनं पुढं ठेवले, त्या दिवसापासनं बंद झालं ते. सगळ्याची यादी, कुठला कॅमेरा कुठल्या नंबरवर, कुठल्या पोर्टला, प्रिंट काढून रॅकच्या दाराला आतनं चिकटवलीय. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका.

आता खरा किस्सा, म्हणजे ज्यात सगळ्यात जास्त डोकं गेलं तो. दिवसा सगळे कॅमेरे चालू, दिवस मावळला की एका स्विचवरचे शेवटचे एकदोन बंद पडायचे, परत चालू व्हायचे, परत बंद, रात्रभर हाच खेळ आणि सकाळी उजाडलं की सगळं गुण्यागोविंदानं. वॉचमन मामा म्हणायचे कॅमेरा पण आमच्यासारखाच पेंगतोय. पोर्ट बदलून बघितला, कॅमेरा बदलून बघितला, नवीन कॅमेरापण तिथं तसाच. कारण रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागतात. आमचे कॅमेरे दिवसा चारपाच वॅट खातात आणि रात्री आठनऊ. स्विच आठ पोर्टचा, प्रत्येक पोर्टला पंधरा वॅट देतो असं खोक्यावर ठळक छापलेलं, पण खाली बारीक अक्षरात एकूण ६० वॅट. आठ कॅमेरे, दिवसा चाळीसच्या आत, रात्री सत्तरकडं. मग स्विच काय करतो, ज्या पोर्टला सगळ्यात कमी महत्त्व त्याला तोडतो, शक्यतो शेवटचा. तोडला की लोड कमी झाला म्हणून परत देतो, कॅमेरा चालू होतो, दिवे लागतात, परत लोड वर. हे चक्र रात्रभर चालणार, तुम्ही कितीही कॅमेरे बदला.

१२० वॅटचा स्विच आणला, विषय संपला. विकत घेताना दुकानदाराला पोर्ट किती ते विचारू नका, टोटल पीओई बजेट किती ते विचारा, आणि कॅमेऱ्याच्या डेटाशीटमधला जास्तीत जास्त वॅटचा आकडा धरून बेरीज करा. साध्या पीओईत, म्हणजे ८०२.३एएफमध्ये, पोर्टमधनं १५.४ वॅट निघतात आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ पोचतील असं धरलेलं असतं, बाकीचं वायर खाते. फिरणारा पीटीझेड वगैरे असला तर एएफ पुरणार नाही, त्याला ३० वॅटवाला एटी लागतो.

वायर खाते म्हटलं, तर वायरचंच सांगतो. गेटवरचा कॅमेरा रॅकपासनं नव्वद मीटरच्या आसपास. मोठा स्विच आणला तरी तो एकटाच रात्री रडायचा. वायर कापून आतली तार चाकूनं खरवडली तर वरचा तांब्याचा रंग गेला आणि आत पांढरी फटक, ॲल्युमिनियम. सीसीए म्हणतात याला, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. रोलवर कॅट सिक्स छापलेलं होतं बरं का, पण सीसीए असलेली वायर मुळात कॅटच्या स्टँडर्डमध्ये बसतच नाही. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या वर, त्यात तार बारीक, आणि मधे एका ठिकाणी कमी पडली म्हणून जोड मारून टेप गुंडाळलेला. चित्र जायला एवढं बास आहे. मग शुद्ध तांब्याची वायर टाकली, अखंड, मधे जोड नाही. फरक रोलच्या वजनातपण कळतो, हातात घेऊन बघा, सीसीएचा रोल हलका लागतो. आणि शंभर मीटरच्या पुढं जायचंच असेल तर काही स्विचला एक्स्टेंड मोडचं बटण असतं, अडीचशे मीटरपर्यंत जातं म्हणतात, पण स्पीड १० एमबीपीएसवर येतो, एका कॅमेऱ्याला चालतंय, त्याच्या पुढं फायबर टाका.

फायबरचं अजून एक कारण, वळीव. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं संध्याकाळी काय कडकडाट असतो ते सांगायला नको, आणि उघड्यावरनं गेलेली तांब्याची लांब वायर म्हणजे विजेला रॅकपर्यंत यायला रस्ता. गेटची लाईन मे महिन्यानंतर फायबरवर घेतली, गेटपाशी छोटा पीओई स्विच आणि मधे काच. गेट गेलं तरी एनव्हीआर जात नाही.

कोल्ड रूमचं थोडं वेगळं. काकांचं म्हणणं होतं आत वायर नको, वायफायचा लावूया. कोल्ड रूमच्या भिंती पफ पॅनेलच्या, म्हणजे मधे फोम आणि दोन्ही बाजूला लोखंडी पत्रा, दार लावलं की आत मोबाईलला रेंज येत नाही तिथं वायफाय कुठनं येणार. वायरचाच लावला. कॅमेऱ्याला थंडीचं काही नाही, उणे ३० पर्यंत चालतात बहुतेक, प्रॉब्लेम थंडीचा नसून दार उघडण्याचा आहे. बाहेरची दमट हवा आत आली की डोमच्या काचेवर धुकं, अर्धा तास नुसतं पांढरं. डोम (घुमटाच्या काचेतला) काढून बुलेट (लांबट नळीसारखा) लावला, दारापासनं लांब, वायर जाते ते भोक फोमनं बुजवलं, आणि मागच्या जोडाला वॉटरप्रूफ टोपी घातली, कारण तिथं पाणी साठून पिना हिरव्या व्हायला लागल्या होत्या. बाहेरच्या डोमलापण मी नकोच म्हणेन. धूळ बसली की रात्री स्वतःच्याच दिव्याची चकाकी येते काचेवर. आणि पावसाळ्यात किडे, किड्यांच्या मागं कोळी, जाळं लेन्सवर, मोशनचे अलर्ट रात्री शेकड्यानं. अलर्ट आता फक्त माणूस आणि गाडीवर ठेवलेत, तरी कुत्र्याला तो कधीकधी माणूस समजतो.

मोबाईलवर बघायचं म्हणाल तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरनं थेट आत यायला राऊटरमध्ये दार उघडायच्या, नादाला लागू नका. एक तर आपल्याकडच्या लोकल फायबरवाल्यांचा ॲड्रेस बऱ्याचदा सीजीनॅटमधला, म्हणजे बऱ्याच गिऱ्हाइकांत एकच पब्लिक ॲड्रेस वाटलेला असतो, राऊटरच्या वॅनवर (बाहेरच्या बाजूला) १०० नं सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला की समजा बाहेरनं कुणी आत येऊ शकत नाही, कितीही पोर्ट उघडा. आणि खरा पब्लिक ॲड्रेस मिळाला तरी उघडू नका. २०१६ ला मिराई नावाच्या व्हायरसनं डिफॉल्ट पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. कंपनीचं क्यूआर स्कॅन करून चालणारं क्लाउड ॲप आहे ते पुरेसं आहे, फक्त ॲपमध्ये सब स्ट्रीम (कमी क्वालिटीचं हलकं चित्र) ठेवा, नाहीतर घरनं बघताना गोलगोल फिरत बसतं. सरकारनंपण एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केलीय, तर स्वस्त म्हणून बिननावाचा माल उचलू नका.

एक जुना दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा ऑनव्हिफनं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांच्या सामाईक भाषेनं, जोडायचा होता, त्यानं फार छळलं. पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन फेल. त्यात ऑनव्हिफ आधी चालू करावं लागतं आणि त्याचा युजर वेगळा बनवावा लागतो, हे झालं तरी फेल. शेवटी बघितलं तर कॅमेऱ्याचं घड्याळ काही वर्षं मागं. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये वेळपण तपासली जाते, घड्याळ जुळलं नाही की पासवर्ड चुकीचा म्हणतो. आणि एनव्हीआर चुकीच्या पासवर्डनं सारखा दार ठोठावत राहिला की कॅमेरा काही वेळ लॉक होतो, मग बरोबर पासवर्डपण चालत नाही. अशा वेळी आधी एनव्हीआरमधनं तो चॅनल काढा, थांबा, मग परत जोडा.

घड्याळाचं महत्त्व आमच्यासारख्याला जास्तच. एनव्हीआर एनटीपीवर, म्हणजे इंटरनेटवरनं वेळ घेणारा, टाईमझोन ५:३०, आणि सगळे कॅमेरे एनव्हीआरकडनं वेळ घेतात. गेट पासची वेळ आणि व्हिडिओतली वेळ जुळली तरच समोरचा ऐकतो. प्रकरण पोलिसात गेलंच तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणं अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) पण द्यायची असते, म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप दाखवून भागणार नाही.

रेकॉर्डिंग किती दिवस राहतं हे विक्रेता कायम वाढवून सांगतो. हिशोब सोपा आहे. एक कॅमेरा ४ एमबीपीएसवर चालला तर दिवसाला ४३ जीबी, बारा कॅमेऱ्यांचे पाचशेच्या वर, म्हणजे ४ टीबीची डिस्क आठवडाभरात भरली. आम्ही एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) करून २ एमबीपीएसवर आणलं, गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर तेवढं ४ ठेवलं, आणि डिस्क ८ टीबीची घातली, जवळपास महिना मिळतो. डिस्क सर्व्हेलन्सचीच घ्या, कॉम्प्युटरमधली काढून लावू नका, ती चोवीस तास लिहायला बनवलेली नसते.

लाईट गेली की कॉम्प्रेसर जनरेटरवर जायच्या आधी काही सेकंद जातात. सुरुवातीला यूपीएसवर फक्त एनव्हीआर होता आणि स्विच साध्या बोर्डावर, म्हणजे रेकॉर्डर जागा आणि कॅमेरे बंद. आता दोन्ही स्विच, राऊटर, गेटचा छोटा स्विच सगळे यूपीएसवर. रॅक पण वरच्या मजल्यावर घेतलाय. कुपवाडला पुराची भीती नाही, पण २०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या पाहुण्यांच्या दुकानाचं काय झालं ते बघितलं होतं म्हणून आप्पांनी ऐकलंच नाही.

एक गोष्ट अजून जमलेली नाही, गेटवर रात्री गाडीची नंबरप्लेट. हेडलाईट समोर आला की प्लेट पांढरी होते. डब्ल्यूडीआर (उजेड-अंधार जुळवायची सोय) वाढवून बघितलं, शटर १/५०० वर नेऊन बघितला, प्लेट दिसते पण मग बाकीचं सगळं काळं. त्याला वेगळा, कमी उंचीवरचा, फक्त प्लेटसाठीचाच कॅमेरा लागणार असं दिसतंय, पुढच्या हंगामाच्या आधी लावायचाय, आणि या वेळी वायर मी स्वतः जाऊन आणणार आहे.