सकारात्मक मानसशास्त्रात पीएचडी: नागपुरात राहून करावी, आयआयटीत की परदेशात?

सकारात्मक मानसशास्त्र म्हणजे आनंद, कृतज्ञता, समाधान अशा गोष्टींचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. पदवीही याच नावाची मिळेल असं अनेकांना वाटतं. आधी हा गैरसमज बाजूला करू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून पीएचडी केली तर विषय म्हणून मानसशास्त्रच लागतो. सकारात्मक मानसशास्त्र हा तुमच्या प्रबंधाचा भाग. यात कमीपणा काही नाही, उलट सोय आहे. प्राध्यापकभरतीची जाहिरात मानसशास्त्राची निघते आणि तुमची पदवी तिच्यात नीट बसते. खुद्द या शाखेच्या नावाची पीएचडी हवी असेल तर अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं क्लेअरमाँट ग्रॅज्युएट विद्यापीठ आहे. तिथे मिहाय चिकसेंटमिहाय आणि जीन नाकामुरा या मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये हा कार्यक्रम उभा केला. या शाखेचे प्रणेते मार्टिन सेलिगमन यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 2005 चा गाजलेला अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे, पीएचडीचा नाही. या दोन्हींची गल्लत फार होते.

भारतातल्या विद्यापीठांत कुठेही गेलात तरी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2022 चे नियम लागू; आयआयटींचे नियम मात्र त्यांचे स्वतःचे. एमएला 55 टक्के (आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएससाठी 50), किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडी मान्य नाही. ‘घरबसल्या दोन वर्षांत डॉक्टरेट’ असं कुणी सांगत असेल तर तिथे पैसे भरू नका.

नागपुरात नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करता येते. त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात अभ्यासाला वेळ देऊ असं स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. नुसतं ‘हरकत नाही’ असं पत्र नेलं की अर्ज परत येऊ शकतो. अर्धवेळ विद्यार्थ्याला जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप, मिळत नाही, हा या वाटेचा खरा खर्च. दुसरी अडचण गाईडची. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायला बसण्याआधी गाईडना दोन प्रश्न विचारा: जागा किती रिकाम्या आहेत आणि निवृत्ती कधी आहे? विचारायला संकोच वाटतो, पण विषय ठरवून नंतर गाईड शोधणाऱ्यांची वर्षं इथेच वाया जातात.

नोकरी नसेल आणि वय तिशीच्या आत असेल तर आधी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, घरभाडे भत्ता वेगळा. ही फेलोशिप घेऊन नागपुरातही पूर्णवेळ पीएचडी करता येते. अनेकांना वाटतं की त्यासाठी शहर सोडावंच लागतं. महिला आणि आरक्षित प्रवर्गांना वयात सवलत आहे. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्यांनी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या फेलोशिपवरही लक्ष ठेवावं. या संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे.

आयआयटीच्या मानव्यविद्या विभागात जायचं तर बहुतेक ठिकाणी नेट किंवा गेट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा लागते. गेटच्या मानव्यविद्या-सामाजिक शास्त्रांच्या पेपरात 2021 पासून मानसशास्त्राचा विभाग आहे. तिथे संख्याशास्त्राची तयारी पक्की होते, सहकारी चांगले मिळतात आणि मार्गदर्शन नियमित असतं. मात्र अर्धवेळ नोकरदाराला ही वाट जवळपास बंद. शिवाय डेटा विदर्भातून गोळा करायचा असेल तर मुंबईच्या आयआयटीत बसून ते जड जातं.

डेटाबद्दल थोडं सविस्तर, कारण या विषयात प्रबंध अडकतात ते बहुतेक इथेच. समजा, कृतज्ञता-डायरीचा (ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं त्या गोष्टी नोंदवण्याचा) नववीच्या मुलांवर होणारा परिणाम तपासायचा आहे. सिनॉप्सिसमध्ये ‘प्रत्येक गटात 30’ असं सर्रास लिहिलं जातं. 2013 च्या एका मेटा-विश्लेषणात (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) अशा उपक्रमांचा आनंद-समाधानावरचा परिणाम प्रमाणित मोजमापात सरासरी 0.34 इतका लहान निघाला. 80 टक्के पॉवर, म्हणजे खरा परिणाम पकडला जाण्याची तेवढी शक्यता, हवी तर दर गटात सुमारे 137 मुलं लागतात. वीस टक्के गळती धरली तर सुमारे 170, म्हणजे एकूण 340. तीस-तीसच्या गटात परिणाम खराच असला तरी बहुतेक वेळा दिसत नाही, आणि मग चर्चेच्या प्रकरणात लिहायला काही उरत नाही.

इथे घरच्या शहराचा फायदा मोठा. चार-पाच शाळांचे मुख्याध्यापक ओळखीचे असतील तर ही संख्या गाठता येते. वेळापत्रक मात्र उन्हाळ्याला धरून बांधा. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी भरतात. पहिली चाचणी जुलैत, उपक्रम ऑगस्ट-सप्टेंबरात, तीन महिन्यांनंतरची चाचणी डिसेंबर-जानेवारीत. फेब्रुवारीवर ढकललीत तर परीक्षांच्या गडबडीत मुख्याध्यापक तास देत नाहीत. नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार हे सगळं जूनपूर्वी हातात हवं.

प्रश्नावलीचंही तसंच. सहा विधानांच्या कृतज्ञता मापिकेत दोन विधानं उलट्या गुणांची आहेत. ‘कृतज्ञ वाटावं असं मला फारसं काही दिसत नाही’ अशा नकारार्थी वाक्यापुढे ‘असहमत’वर खूण करताना मुलं गोंधळतात आणि अल्फा (विधानांची आपसातली सुसंगती दाखवणारा आकडा) घसरतो. दोघांकडून स्वतंत्र अनुवाद, तिसऱ्याकडून उलट अनुवाद, मग तीस-चाळीस मुलांवर पूर्वचाचणी, आणि त्यातल्या काहींना ‘इथेच खूण का केली?’ असं विचारायचं. याला तीन महिने द्या. मूळ मापिका वापरण्याची परवानगीही आधीच ईमेलवर घेऊन ठेवा.

परदेशाबद्दल एवढंच: पाच-सहा वर्षांची फीमाफी आणि निर्वाहभत्ता प्रवेशपत्रात लेखी असेल तर जरूर जा, पहिल्याच वर्षापुरती सवलत असेल तर जाऊ नका. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीत विद्यापीठाचं जागतिक मानांकन पाहिलं जातं, त्यामुळे लहान, विशेष विषयाचं विद्यापीठ चांगलं असूनही अडकू शकतं. परत येऊन इथे प्राध्यापकी करायची तर पदवीची समकक्षता मिळवावी लागते.

आणि ज्यांना रुग्णांवर उपचार करायचे आहेत त्यांच्यासाठी या तिन्ही वाटा चुकीच्या आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते, आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेला क्लिनिकल अभ्यासक्रमच लागतो. सकारात्मक मानसशास्त्रावरच्या प्रबंधाने ती नोंदणी मिळत नाही. सहायक प्राध्यापक होण्यापुरतंच ध्येय असेल तर 1 जुलै 2023 पासून नेट किंवा सेट (राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा) ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. मग आधी सेट काढा, नोकरी धरा आणि अर्धवेळ नोंदणी त्यानंतर करा.