कॅलिपरचा रंग: '१२०० डिग्री'चा स्प्रे घ्यावा की हार्डनरवाला किट?

ठाण्यात काय, वाशी-बेलापुरात काय, ॲक्सेसरीच्या दुकानात कॅलिपरसाठी (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा, चाकाच्या आतला धातूचा भाग) रंग मागितला की काउंटरवर बहुधा ४०० मिलीचा हाय-टेम्प स्प्रे येतो. डब्यावर ठळक अक्षरांत '१२०० डिग्री' छापलेलं असतं आणि काही शे रुपयांत काम होतं. दुसरा पर्याय म्हणजे रंग आणि हार्डनर वेगवेगळ्या डब्यांत असलेला, ब्रशने लावायचा किट. तो बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावा लागतो आणि खर्च हजारांत जातो. तरीही आमचा कौल किटला आहे. त्यामागे फिनिशिंगपेक्षा मोठं कारण आहे.

आधी त्या १२०० चं बघू. ते फॅरेनहाइट आहेत, म्हणजे साधारण ६५० अंश सेल्सिअस. कॅलिपर तिथवर कधी पोचत नाही आणि पोचूही नये. कॅलिपरमधलं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, डॉट ४ किमान २३० पर्यंत, असं मानक सांगतं. ऑइलने हवेतला ओलावा ओढून घेतला की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ वर येते. म्हणजे रंग जळायच्या कितीतरी आधी ऑइल उकळेल, पेडल मऊ पडून खाली जाईल आणि गाडी थांबणार नाही. घोडबंदर रोडच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तर कॅलिपरचं बाहेरचं अंग क्वचितच शंभरी ओलांडतं. तेव्हा ६५० चा आकडा बघून पैसे मोजण्यात अर्थ नाही.

स्प्रेची खरी अडचण उलट बाजूने येते. हे बहुतेक रंग सिलिकॉन रेझिनवर बनतात, सायलेन्सर आणि एक्झॉस्टसारख्या भागांसाठी. हवेवर ते फक्त वरवर सुकतात. पक्कं व्हायला त्यांना दोनशे अंशांच्या आसपास भाजावं लागतं, आणि ती उष्णता शहरात चालणाऱ्या गाडीच्या कॅलिपरला मिळतच नाही. रंग दिसायला कोरडा दिसतो, पण आत कच्चा राहतो. पारख सोपी आहे: लावल्यावर आठवडाभराने पांढरा फडका ब्रेक क्लीनरने ओला करून रंगावर आठ-दहा वेळा फिरवा. कच्च्या रंगाचा डाग फडक्यावर स्पष्ट उमटतो. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकच्या पाइपातली हवा बाहेर काढताना, ब्रेक ऑइलचे चार थेंब सांडले की तिथला रंग साय धरल्यासारखा सुरकुततो आणि बोटाने निघतो. हार्डनरवाला रंग रासायनिक प्रक्रियेने घट्ट होतो, त्याला भट्टी लागत नाही. ऑइल लगेच पाण्याने धुतलं तर त्याला सहसा काही होत नाही. स्प्रेच घ्यायचा असेल तर निदान खास कॅलिपरसाठीचा आणि ब्रेक ऑइल सोसतो असं डब्यावर लिहिलेला घ्यावा. त्याचा तापमानाचा आकडा कमी असला तरी तोच योग्य.

हॅचबॅकच्या पुढच्या दोन कॅलिपरना दोन हात द्यायला तयार रंग १०० मिलीपेक्षा कमी पुरतो. त्यामुळे सगळा डबा एकदम कालवू नका. हार्डनरचं प्रमाण वजनात दिलं असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा, अंदाजाने टोपणं मोजू नका. हार्डनर कमी पडला तर रंग चिकट राहतो, जास्त झाला तर ठिसूळ होऊन टवके उडतात. मे महिन्याच्या उकाड्यात कालवलेला रंग डब्यावर छापलेल्या वेळेच्या बराच आधी दाट होतो, म्हणून एका चाकापुरताच घ्या. याशिवाय ५०० मिली ब्रेक क्लीनरचे दोन डबे, बारीक तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, १२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, एक इंची मास्किंग टेप, नायट्राइलचे हातमोजे आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर असलेला मास्क लागेल. साध्या कापडी मास्कमधून वाफा आरपार जातात.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके. जॅक लावून उचलली की लगेच घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीच्या चाकाच्या पोकळीत हात घालू नये.

आता सफाई. एकूण कामातला निम्म्याहून जास्त वेळ इथे जायला हवा, आणि घाई होते तीही इथेच. पॅडची काळी भुकटी सुकी असताना फुंकायची नाही, हवेच्या प्रेशरने उडवायचीही नाही, कारण ती थेट छातीत जाते. आधी ब्रेक क्लीनरने भिजवा, मग तारेच्या ब्रशने खरवडा. छोट्या गाड्यांचे कॅलिपर बहुधा बिडाचे असतात आणि ओतकामाच्या खरखरीत पृष्ठभागात ही भुकटी तेलकट होऊन रुतते. १२० ने गंज काढा, ३२० ने एकसारखं करा, पुन्हा क्लीनर मारा आणि पांढऱ्या कागदी रुमालाने पुसा. रुमालावर करडेपणा उमटत असेल तर अजून साफ झालेलं नाही. रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेलने धुवायची सवय इथे घातक ठरते. एक तर तेलाचा थर मागे राहतो, दुसरं म्हणजे पॅड दाबणाऱ्या पिस्टनभोवतीचं ईपीडीएम जातीचं रबर खनिज तेलाने फुगतं आणि ब्रेक धरून बसतो. सोसायटीत रोज गाडी पुसणारे टायरला पॉलिश मारतात, त्यातलं सिलिकॉन उडून कॅलिपरवरही बसतं. ते राहिलं तर रंग तिथे टिकत नाही आणि गोल गोल खड्डे पडतात. म्हणून रंगकामाच्या आधीचे दोन आठवडे टायर पॉलिश बंद ठेवायला सांगा.

किटसाठी कॅलिपर खोलायची गरज नाही, पाइप तर अजिबात काढायचा नाही. मागच्या बाजूला ब्रश पोचावा म्हणून बोल्ट काढून कॅलिपर बाजूला घेतलाच, तर तो तारेने स्प्रिंगला बांधा. रबरी होसवर लोंबकळत ठेवला की होस आतून फाटतो आणि बाहेरून काही कळत नाही.

टेप कुठे लावायची यावर या कामाचं यश ठरतं. ब्लीडर निपल, त्याची रबरी टोपी, गाइड पिनची (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना) घडीदार रबरी बुटं, पिस्टन आणि त्याचं आवरण, पॅड सरकतात त्या पट्ट्या, एबीएसच्या सेन्सरची वायर हे सगळं झाका. जवळून पाहिलं तर निपल कॅलिपरमध्ये शिरतो तिथे केसाएवढी गोल फट दिसते. त्या फटीत रंग उतरला की पुढच्या वेळी ८ किंवा १० नंबरचा पाना लावल्यावर आटे सुटत नाहीत, निपलचे कोपरे गोल होतात आणि क्वचित निपल तुटून आत राहतो. गाइड पिनच्या बुटावर रंग सुकला की घड्या मोकळ्या हलत नाहीत, चीर पडते, पाणी आत जातं आणि पिन अडकते. मग एकच पॅड झिजत राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते. डिस्कवर स्वयंपाकघरातला फॉइल दुमडून बसवा. हबचा जो सपाट चेहरा चाकाला टेकतो त्यावर रंगाचा थेंबही नको. तो थर पुढे दबतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात.

पहिला हात इतका पातळ द्या की खालचं बीड थोडं दिसत राहावं. किटच्या कागदावर दिलेल्या अंतराने, बहुधा पंधरा-वीस मिनिटांनी, दुसरा हात भरून द्या. लाल-पिवळ्याला तिसरा लागतो, काळ्या-करड्याला लागत नाही. दर हातानंतर बॅटरी धरून खालची कड बघा. थेंब तिथेच जमतो आणि ओला असतानाच ब्रशच्या टोकाने उचलावा लागतो. जाड थर दिला तर वरची कातडी आधी सुकते, आतला द्रव अडकतो आणि गाडी तापल्यावर फोड येतात. चाक चढवण्याआधी रात्रभर आणि गाडी काढण्याआधी २४ तास थांबा. फॉइल काढल्यावर डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने पुसा.

दिवस कोणता निवडता यावरही बरंच अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर हे काम करूच नका. खाडीकाठच्या ऐरोली-कोपरखैरण्यात नाही आणि येऊरच्या पायथ्याशीही नाही. दमट हवेत द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि चकाकीवर पांढुरकी झाक येते, जी पुसून जात नाही. घासून उघडं पडलेलं बीडही तासाभरात तांबूस व्हायला लागतं. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा इथला चांगला काळ, सकाळी दहा ते दुपारी दोन. भल्या पहाटे धातू हवेपेक्षा गार असतो, तेव्हा दव धरतं. टॉवरच्या बेसमेंट पार्किंगमध्ये सावली मिळते, पण वाफा कोंडतात आणि स्प्रेच्या बाबतीत आगीचा धोका खरा आहे. पोडियम किंवा उघड्या जागेची परवानगी सोसायटीकडून आधीच घ्या. रस्त्याकडेला मात्र नको. बांधकामाची धूळ ओल्या रंगावर बसली की सगळं पुन्हा घासावं लागतं.

रंगाची छटा आवडीवर आहे, पण पॅडची भुकटी काळी असते. पिवळा आणि पांढरा दोन आठवड्यांत कळकट दिसतो, लाल जरा तग धरतो, गडद करडा सर्वांत निभावून नेतो. चाकावर प्लॅस्टिकचं व्हील कव्हर असेल तर रंग दिसणारच नाही. तिथे फक्त गंज रोखण्यासाठी करायचं असेल तर करडा एक हात पुरे. मागे ड्रम असलेल्या गाडीत ड्रमचा बाहेरचा घेर याच रंगात छान दिसतो, चाक टेकतं तो भाग सोडून. मागेही डिस्क असेल तर हँडब्रेकचा लिव्हर आणि स्प्रिंग झाकायला विसरू नका.

आणखी दोन पर्याय विचारले जातात. रबाळे-महापे-तुर्भ्याच्या एमआयडीसी पट्ट्यात पावडर कोटिंग करून मिळतं आणि ते सर्वांत टिकाऊ. पण ते साधारण १८० ते २०० अंशांत भाजतात, म्हणून कॅलिपर पूर्ण खोलून पिस्टन आणि रबर काढावं लागतं. नवा सील किट, नवं ब्रेक ऑइल आणि ब्लीडिंग ओघाने आलंच. कॅलिपर तसाही ओव्हरहॉल होणार असेल तरच हा खर्च योग्य. वरून बसवायची लाल कव्हरं मात्र घेऊ नका. हवा अडते, खड्ड्यांत क्लिप सुटतात आणि सुटलेलं कव्हर आतून चाकावर घासतं.

चाक बसवताना नट ताऱ्याच्या क्रमाने हाताने लावा, गाडी खाली घेऊन टॉर्क पाना गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर लावा. लहान गाड्यांना तो बहुधा ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. कॅलिपर हलवला असेल तर इंजिन सुरू करून पेडल कडक होईपर्यंत पंप करा, त्याआधी गाडी जागची हलवू नका. पहिले काही ब्रेक हळू वेगात दाबून बघा. थोडा वास येईल, तो एक-दोन फेऱ्यांत जातो. तो टिकला किंवा एका चाकाकडून जळका वास आला तर थांबून तिथलं चाक जास्त तापलंय का बघा, पिन किंवा पॅड रंगाने धरला असण्याची शक्यता असते. ५० ते १०० किलोमीटरनंतर चारही चाकांचे नट पुन्हा त्याच टॉर्कवर तपासा.