मधुमेहात रात्रीला भात की भाकरी?

मधुमेह निघाला की घरची मंडळी आधी भातावर उठतात आणि ज्वारीला औषधाचा मान देतात. आकडे पाहिले तर दोघांत तेवढं अंतर नाही. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण 34 ग्रॅम कर्बोदकं, तर भरल्या वाटीत, म्हणजे 150 ग्रॅम शिजलेल्या भातात, 40 च्या आसपास. ज्वारीत तंतू बरेच जास्त, हा तिचा खरा फायदा. पण ‘ज्वारीने साखर वाढत नाही’ म्हणत दुधात दोन-तीन भाकऱ्या कुस्करल्या, तर साखर मोजायचं मीटर कुणाची भीड ठेवत नाही.

तरी मी रात्री भाकरीकडे वळलो, ते भाताचा हिशोब लागत नाही म्हणून. वाटीने मोजता येतो हो, पण आपल्याकडे भात एकदा वाढून संपतो कुठे? आधी वरण-भात, वर लिंबू. मग ताटात आमटी उरते, तिच्यापुरता थोडा. शेवटी ताकभात, त्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. दरवेळी ‘इतकुसाच’ म्हणून घेतलेला हा भात वाटीच्या हिशोबात कुठेच नसतो. दोन तासांनी बोट टोचलं की बरोबर सापडतो. भाकरी एक म्हणजे एक. दुसरीतली चतकोर मोडली तरी टोपलीतल्या उरलेल्या भाकरीवरून घरभर कळतं. (अर्थात ताटाएवढी थापलेली भाकरी ‘एक’ धरू नये.)

भाकरीचा त्रास नाही असं नाही. थापणारं कुणी हवं, आणि गार झाली की ती वातड होते. कोकणात वाढलेल्याला भात सोड म्हणणं मला तरी जमणार नाही. त्यांनी चिकट इंद्रायणी-आंबेमोहोराऐवजी मोकळा होणारा तांदूळ घ्यावा, आधी भाजी-उसळ खावी आणि भात मागून. माझ्या मीटरवर तरी अशाने आकडा जरा आवरलेला दिसतो. तुमचा तुम्ही तपासून पाहा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ताटातलं काही एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, नाहीतर मध्यरात्री साखर उतरून घाम फुटायचा.

आमच्याकडे सध्या रात्री एक भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ आणि नुसतं ताक. भात रविवारी दुपारी, आणि तोही एकदाच वाढून पातेलं आत नेऊन ठेवल्यावर.