वर्डमध्ये ओळींमधलं अंतर: ‘मल्टिपल’ की ‘एक्झॅक्टली’?

होम टॅबवर पॅरेग्राफ गटाच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबला की लाइन स्पेसिंगची यादी मिळते. खरी निवड ‘मल्टिपल’ आणि ‘एक्झॅक्टली’ यांत असते.

‘मल्टिपल’ फॉन्टच्या स्वतःच्या उंचीला गुणतं. 1.15 म्हणजे एकेरी अंतरापेक्षा 15 टक्के जास्त. फॉन्टचा आकार बदलला की अंतरही आपोआप बदलतं, म्हणून मसुदा, पत्र, अहवाल यांना हेच बरं. अडचण येते ती मराठी-इंग्रजी मिसळलेल्या मजकुरात. देवनागरी फॉन्टची उंची बहुधा जास्त असते, त्यामुळे इंग्रजी परिच्छेदात एखादा मराठी शब्द आला की तेवढीच ओळ खाली सरकते आणि पान ओबडधोबड दिसतं.

‘एक्झॅक्टली’मध्ये ओळीची उंची पॉइंटमध्ये ठरलेली असते, आत काहीही असो. ओळी एकसारख्या बसतात. फॉर्म, लेबलं, दोन स्तंभांची पानं यांना हे उत्तम. पण 12 पॉइंटच्या मराठी मजकुराला 12च पॉइंट दिले, तर ‘र्की’मधला रफार नि वेलांटी वरून कापली जाते, ‘हू’चा उकार खालून. 18 पासून सुरुवात करा आणि असे शब्द टाइप करून पाहा. ओळीत घातलेल्या चित्राची तर फक्त एक पट्टी दिसते! चित्र बिघडलेलं नसतं. त्या परिच्छेदाला कंट्रोल+1 देऊन एकेरी अंतर केलं की ते पूर्ण दिसतं.

लांब मराठी दस्तऐवजाला आम्ही ‘मल्टिपल’च सुचवू.