अकरावी सायन्सच्या आधी केमिस्ट्री: उन्हाळी बॅच लावावी की घरीच बसावं?

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो आणि अकरावीचे तास नीट सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. या मधल्या महिन्यांसाठी सांगलीत क्लासची उन्हाळी बॅच मिळते, नाहीतर घरी पुस्तक घेऊन बसता येतं.

बॅचचा खरा फायदा म्हणजे रोज बसावंच लागतं आणि शंका जागेवर विचारता येते. अडचण वेगाची. सर अकरावीपासून सुरुवात करतात, आणि ज्याचं नववीचं ‘द्रव्याचे मोजमाप’ कच्चं आहे तो पहिल्याच आठवड्यात मागे पडतो. तासगाव-पलूसहून येणाऱ्याचे दोनेक तास तर एसटीतच जातात.

घरी बसणाऱ्याने अकरावीचं पुस्तक लगेच उघडू नये. आधी नववीचा तो धडा, मग दहावी भाग १ मधले चार: आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे. पंधरा दिवस पुरतात. चुका ठरलेल्या असतात. मोल म्हणजे डझनासारखी कणांची ठरावीक संख्या. १६ ग्रॅम ऑक्सिजन वायू म्हणजे एक मोल असं मुलं लिहितात. या वायूत अणू जोडीने असतात, म्हणून एक मोल ३२ ग्रॅमचा. १६ ग्रॅम हा अर्धाच मोल. ॲल्युमिनिअम सल्फेटच्या सूत्रात कंसाबाहेरचा ३ विसरला की रेणुवस्तुमान ३४२ ऐवजी १५० येतं.

एक प्रयोग घरी जरूर करा. कोणत्याही बॅचमध्ये तो बहुधा फळ्यावरच होतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४ टक्क्यांचं ७५ मिली व्हिनेगर घ्या. फुग्यात ४.२ ग्रॅम खाण्याचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडाला ताणून बसवा आणि उभा करून सोडा आत पाडा. सोड्याचा मोल ८४ ग्रॅमचा, व्हिनेगरमधल्या ॲसेटिक ॲसिडचा ६० ग्रॅमचा. ७५ मिलीत ॲसिड ३ ग्रॅम, म्हणजे दोन्ही ०.०५ मोल. आता नवा फुगा, तेवढंच नवं व्हिनेगर, पण सोडा दुप्पट, ८.४ ग्रॅम. फुगा जवळपास पहिल्याएवढाच फुगतो, कारण ॲसिड आधी संपलं. ‘लिमिटिंग रिएजंट’ म्हणतात ते हेच. एक ग्रॅमच्या अंदाजाने मोजणारा स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा लागतो. बाटलीला झाकण मात्र कधीही लावू नका, फुटेल.

मराठी माध्यमवाल्यांना याहून मोठी अडचण शब्दांची. वहीत दोन रकाने पाडा: संयुजा–व्हॅलन्सी, क्षपण–रिडक्शन, द्राव्य–सोल्यूट, आम्लारी–बेस, क्षार–सॉल्ट. हिंदी व्हिडिओ बघत असाल तर शेवटच्या शब्दाला जपा: आपल्याकडे क्षार म्हणजे सॉल्ट, हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, आणि सॉल्टला ते लवण म्हणतात.

पुढे पुस्तक कोणतं? इंजिनिअरिंग-फार्मसीची सीईटीच द्यायची असेल तर बालभारतीचं, म्हणजे राज्य बोर्डाचं. त्यात १६ धडे आहेत आणि पीडीएफ फुकट मिळते. सीईटीत केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, त्यातले साधारण १० अकरावीचे, चुकीला गुण कापत नाहीत. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा द्यायची असेल तर एनसीईआरटीला, म्हणजे केंद्राच्या पुस्तकाला, पर्याय नाही. तिथे ४५ प्रश्नांना १८० गुण आणि चुकलं की एक जातो. थर्मोडायनॅमिक्स एनसीईआरटीत अकरावीला आहे, आपल्या बोर्डात बारावीला. दोन्ही पुस्तकं एकदम उघडण्यात अर्थ नाही; दोन्हींतला पहिला धडा मोलचाच, तो एकाच पुस्तकातून करा.

पंधरा दिवसांनी मोलची वीस गणितं उत्तरं न बघता सोडवा. पंधरा बरोबर आली तर बॅचचे पैसे वाचवा. दहाच्या आत अडलात तर बॅच लावा, पण फी भरण्याआधी डेमोला बसा: तासभरात एकही गणित मुलांच्या हातून सोडवून घेतलं नाही, तर दुसरी बॅच बघा.