दुय्यम कव्वालीचा सामना: पार्ट्या दोन्ही जबरदस्त, साऊंड मात्र एकाचाच

पह्यले रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन, अन् कापलेला दीड सगळा साऊंडवाल्याचा अन् स्टेजवर शाली वाटणाऱ्यायचा आहे, गाणाऱ्यायचा त्यात काहीच दोष नाई.

दुय्यम कव्वाली म्हणजे हलकी नाई, दोन पार्ट्यायची सवाल-जवाबाची कव्वाली, ज्यायनं कधी पाह्यली नाई त्यायच्यासाठी सांगतो. स्टेज एकच, पण डाव्या हाताले एक पार्टी अन् उजव्या हाताले दुसरी, जास्त करून एकीकडे गायक अन् एकीकडे गायिका, अन् पोस्टरवर दोघायचे फोटो सारख्याच साईजचे पाहिजे नाहीतं तिथूनच भांडण सुरू. हार्मोनियम, ढोलक, बेंजो तं असतेच, आता ऑक्टोपॅड अन् कीबोर्डही आले, मागं कोरसवाले टाळ्या धरते. आमच्याकडे समुद्रपूर-हिंगणघाट पट्ट्यात जयंतीचा कार्यक्रम 14 एप्रिललेच होईल असं काही नाई, चांगल्या पार्ट्या त्या दिवशी मोकळ्या सापडतच नाई, म्हणून एप्रिलभर अन् बुद्धपौर्णिमेच्या पुढेही मे महिन्यात गावोगावी चालूच राह्यते. म्हणजे पार्टीवाल्यायचा हा उन्हाळी टूरच झाला ना, आज इथं, उद्या तिकडे वणीकडे, गाडीतच झोपायचं, अन् दिवसा पंचेचाळीस डिग्री.

मी हॉस्टेलले असताना रूममेटच्या नादानं विंग्रजी रॉक भल्लं ऐकलं, त्यायच्यातही असे दोन मोठे बँड एका तिकिटावर फिरते. 1992 ले गन्स एन रोझेस अन् मेटॅलिका असेच निघाले होते अन् माँट्रियलले 8 ऑगस्टले मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड स्टेजवरच्या आतषबाजीत भाजला, त्यायचं गाणं अर्ध्यात बंद पडलं, मंग गन्सवाले तासन्‌तास लावून आले अन् ऍक्सल रोजनं आवाज बरोबर येत नाई म्हणून लवकरच आटोपतं घेतलं, झालं, पब्लिकनं दंगाच केला. जर्नी अन् डेफ लेपर्डनं 2018 च्या टूरमधे वेगळी शक्कल काढली, शेवटी कोण वाजवणार ते गावागणिक बदलत गेले, म्हणजे मोठा कोण हा वादच नको. पण त्यायच्यात काय होते, एक बँड उतरते, मंग सामान बदलते, मंग दुसरा चढते, मधात पब्लिक बाहेर. आपल्या सामन्यात दोघंही पह्यल्या मिनिटापासून समोरासमोर बसून असते, एकाचं थोडं पडलं का दुसरा लगेच उचलते, अन् मले वाटते जोडीचा कार्यक्रम करावा तं असाच, आमच्या गावात त्या रात्री हे डोळ्यानं दिसलं.

सुरुवात मात्र रटाळ. पोस्टरवर आठ अन् वंदना झाली नऊच्या पुढे, मंग सत्कार. सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सगळ्यायले शाल! मे महिन्यात शाल कोणाले पाह्यजे बाप्पा, दुपट्टा तरी द्या. अन् इकडे घड्याळ चालू, काहून का रात्री 10 नंतर भोंगा बंद हा केंद्राचा 2000 सालचा नियम आहे, राज्य सरकार वर्षातले फक्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकते, ते दिवस कोणते ते आधीच पोलीस ठाण्यात विचारून घ्या. आमच्या कमिटीनं तारीखच त्या सूटवाल्या 15 दिवसायतली धरली होती म्हणून वाचलो, त्याबद्दल कमिटीले मानलं.

दहाच्या नंतर जे रंगलं ते रंगलं. गायकाचा आवाज जुन्या वळणाचा, भीमगीतं लिहिणाऱ्या लोककवी वामनदादा कर्डकायचं गाणं घेतलं तं आमच्या गावचे म्हातारे, जे अजूनही नागपूरच्या नागोराव पाटणकरायच्या कव्वालीचं नाव काढते, ते सतरंजीवरून उठून समोर जाऊन बसले. पण रात्र मारली गायिकेनं. तिनं सवाल टाकला, का 27 मे 1935 ले रमाई गेली, तिच्यावर तुम्ही इतके गाणे गाता, मंग तुमच्या गाण्यात ती फक्त शेण्या थापतानाच काहून दिसते? मंडपातल्या बायायनं अशा टाळ्या वाजवल्या का ढोलक दबला. गायक हसला, हार्मोनियमवर नुसतेच सूर धरून थोडा वेळ काढला (विचार करून राह्यला होता, दिसतच होतं), अन् मंग महाडले गेला, 1927 च्या डिसेंबरात बाबासाहेब बायायसोबत बोलले होते तो धागा पकडून त्यानं जवाब बांधला. जवाब पुरा नव्हता, तिनं पुढच्या कडव्यात तेच पकडलं. दोघंही एकमेकायले पाणी पाजत होते अन् एकमेकायच्या शेरवर दादही देत होते, खोटं भांडण नाई काही नाई.

आता साऊंड. एकच मिक्सर, एकच ऑपरेटर, अन् तो पोरगा डाव्या पार्टीच्या ओळखीचा का काय कोण जाणे, तिकडचा ऑक्टोपॅड छातीत धडधडत होता अन् उजवीकडचा बेंजो ऐकूच येत नव्हता, जेव्हा का बेंजोवालाच सगळ्यात तयार माणूस होता. कोरसच्या टाळीले माईकच नाई. अन् टाळी गेली तं कव्वालीतलं राह्यलं काय? मधात जनरेटरही बसला, तेव्हा गायकानं बिनामाईक अर्धं कडवं ओढून नेलं, अन् खरं सांगू, तेवढाच भाग साऊंड चांगला होता.

बक्षिसाचंही बोलतो. शंभराची नोट दिली का नाव पुकारायचं, ठीक आहे, पार्टीले त्याच्यातूनच चार पैसे सुटते, पण सवाल-जवाब ऐन भरात असताना अमुक भाऊकडून, तमुक भाऊकडून चालू झालं का तार तुटते. चिठ्ठ्या जमा करा अन् गाणं संपल्यावर एकदाच वाचा ना.

जेवणखावण बाहेर मस्त, आलूबोंडा अन् मट्ठा रात्री साडेअकरालेही गरम-थंड जसा पाह्यजे तसा भेटत होता. बायायच्या बाजूनं दोन कूलर, माणसायच्या बाजूनं एकही नाई, अन् हे बरोबरच आहे.

तुमच्या गावात बोलवत असाल तं पार्ट्या बिनधास्त दोन बोलवा, पण साऊंडवाल्याले दोन्हीकडले माईक बरोबरीनं लावायले आधीच लिहून द्या, कोण पह्यले गाणार त्याची चिठ्ठी स्टेजवरच काढा, सत्कार दुपारीच उरका, अन् पाण्याच्या कॅन स्टेजच्या मागं ठेवू नका, कोरसवालेच संपवून टाकते.