सोलापुरातून समुद्रासाठी अनुदान: कोणाकडे मागायचं?

सोलापूरच्या संस्थेने सागरी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी पैसे मागितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्याकडे समुद्र कुठे आहे? उत्तर भीमेत आहे. उजनी, पंढरपूर आणि औजचा बंधारा ओलांडून ती कर्नाटकात शिरते, पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागरात जाते. आपल्या मनात कोकण असलं तरी आपलं पाणी पूर्वेकडे वाहतं. त्यामुळे परदेशी भागीदार शोधायचा तर तो श्रीलंका किंवा बांगलादेशात शोधावा.

दुसरा प्रश्न सीमेचा. भीमा महाराष्ट्र-कर्नाटक सीमा ओलांडते, पण दाते देश मोजतात, राज्यं नाही. कृष्णेचं खोरं पूर्णपणे भारतात असल्यामुळे ‘दोन देशांची सामायिक नदी’ या सदरात आपण बसतच नाही. सामायिक आहे तो उपसागर. भारत, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, म्यानमार, थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया या आठ देशांनी त्याच्या परिसंस्थेवर मिळून काम केलेलं आहे. त्यासाठी जागतिक पर्यावरण सुविधेचा म्हणजे ‘जीईएफ’चा पैसा आला होता आणि अंमलबजावणी संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने केली होती. पण तो पैसा सरकारांमार्फत फिरतो. आपल्यासारख्यांना तिथला विश्लेषणाचा अहवाल आणि कृती आराखडा प्रस्तावात आधार म्हणून वापरता येतो, एवढंच.

मग प्रत्यक्ष अर्ज कुठे करता येतो? माझ्या मते खरी निवड दोन वाटांमध्ये आहे. बाकीच्यांचं थोडक्यात शेवटी सांगतो.

लहान वाट: जीईएफचा लघु अनुदान कार्यक्रम

हा 1992 पासून चालू आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमामार्फत, म्हणजे यूएनडीपीमार्फत, चालतो. गावपातळीवरच्या संस्था, बचतगट, मच्छीमारांच्या सोसायट्या यांच्यासाठीच तो आखलेला आहे. बरीच वर्षं कमाल मर्यादा 50,000 डॉलरची होती, म्हणजे साधारण चाळीस लाखांच्या घरात. प्रत्यक्षात मंजूर होणारी रक्कम बहुतेक वेळा त्याहून कमी असते. सोबत तुमचाही वाटा दाखवावा लागतो: श्रमदान, जागा, ग्रामपंचायतीचा निधी असं काहीही, पण कागदावर.

या वाटेचा मोठा फायदा रकमेत नसून कायद्यात आहे. संयुक्त राष्ट्रसंघ, त्याच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि नाणेनिधी यांना विदेशी अंशदान कायदा, म्हणजे एफसीआरए, ‘विदेशी स्रोत’ धरत नाही. तुमच्याकडे एफसीआरए नोंदणी नसेल तर हे वाक्य सीएला दाखवा आणि मंजुरीपत्रात दाता म्हणून नेमकं कोणाचं नाव येणार आहे ते आधी विचारून घ्या. मधल्या संस्थेचं नाव वेगळं निघालं की हिशोब बदलतो.

तोटा उघड आहे. हा कार्यक्रम देशनिहाय चालतो. श्रीलंकेतल्या भागीदाराचा खर्च यात बसत नाही, तिथल्या संस्थेने आपल्या देशातून वेगळा अर्ज करायचा. दोन्ही अर्ज एकाच वेळी मंजूर होतील याची हमी कोणी देत नाही. शिवाय प्रत्येक टप्प्यात ठरावीक भूप्रदेश निवडलेले असतात. आपला जिल्हा त्यात आहे का, हे प्रस्ताव लिहायला बसण्याआधी पाहावं.

मोठी वाट: ब्रिटिश सरकारचा निधी

ब्रिटनच्या 50 कोटी पौंडांच्या ‘ब्लू प्लॅनेट फंडा’तून ‘ओशन’ नावाची अनुदानं दिली जातात. त्यात समुदाय अनुदान 50,000 ते 2,50,000 पौंडांचं, म्हणजे अर्ध्या कोटीपासून अडीच कोटींच्या पुढे. भागीदारी अनुदान त्याहून कितीतरी मोठं, 30 लाख पौंडांपर्यंत. तिथलंच ‘डार्विन इनिशिएटिव्ह’ 1992 पासूनचं आहे, पण त्याचा भर जैवविविधता आणि गरिबी या दोन्हींवर असतो. नुसता कचरा उचलणारा प्रस्ताव तिथे टिकत नाही. पात्र देशांची यादी प्रत्येक फेरीची वेगळी असू शकते, तेव्हा जुनी यादी पाहून बसू नका.

रक्कम पाहून डोळे फिरतात, पण इथे एफसीआरए पूर्ण लागू होतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मुख्य कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेले हवेत. परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे (2020 पूर्वी ती 50 टक्के होती). नोंदणी पाच वर्षांची असते, आणि पैसा आला नाही तरी वार्षिक विवरणपत्र 31 डिसेंबरपर्यंत भरायचं असतं. नोंदणी नसलेल्यांना एका दात्याकडून एका कामासाठी पूर्वपरवानगी मागता येते, पण त्यासाठी दात्याचं लेखी आश्वासन आधी लागतं. आणि दाता म्हणतो, परवानगी आधी दाखवा. या पेचात प्रस्तावाची मुदत निघून जाते.

सीमापार प्रकल्पाला सर्वांत जास्त बाधणारी तरतूद मात्र वेगळीच आहे. 2020 च्या दुरुस्तीपासून आलेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, तिच्याकडे नोंदणी असली तरीही. भागीदारी प्रकल्पांची रीत अशी की एक मुख्य अर्जदार पैसा घेतो आणि बाकीच्यांना वाटतो. सोलापूरची संस्था मुख्य अर्जदार झाली तर तिला औज किंवा कर्नाटकातल्या अफझलपूरच्या छोट्या संस्थेलाही पैसे पुढे देता येणार नाहीत. कोलंबोला पाठवायचे तर आयकराचा प्रश्नही उभा राहतो, कारण धर्मादाय संस्थेचं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं की करसवलतीवर गदा येते. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: या वाटेने जायचं तर मुख्य अर्जदार होऊ नका. मुख्य अर्जदार परदेशात असू द्या आणि प्रत्येक भारतीय भागीदाराच्या खात्यात पैसा थेट तिथून येऊ द्या. अध्यक्षांना लेटरहेडवर ‘लीड पार्टनर’ हवं असतं, हे मला ठाऊक आहे. तरीही.

आणखी एक धोका आहे. ब्रिटनने आपली परदेशी मदत 2027 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यावरून 0.3 टक्क्यावर आणायचं ठरवलं आहे. अमेरिकी सरकारची मदतसंस्था यूएसएड तर 2025 मध्ये बंदच झाली. तीन वर्षांचं अनुदान मिळालं म्हणून पगारदार माणसं नेमताना हे लक्षात ठेवा.

बाकीची दारं

युरोपचा ‘इंटररेग’ सीमापार प्रकल्पांसाठी नावाजलेला आहे, पण तो युरोप आणि त्याच्या शेजाऱ्यांसाठी. सोलापूरने त्यात वेळ घालवू नये. ‘होरायझन युरोप’ या युरोपीय संघाच्या संशोधन निधीत भारतीय भागीदार घेता येतो, पण त्याला पैसा आपोआप मिळत नाही. याला एक चांगला अपवाद झाला: 2025 मध्ये भारत आणि युरोपीय संघाने सागरी प्लास्टिक कचरा आणि कचऱ्यापासून हरित हायड्रोजन या विषयांवर संयुक्त संशोधनाची घोषणा केली. दोन्हींचा निधी मिळून 4.1 कोटी युरो. असं काही पुन्हा आलं तर विद्यापीठाने आणि विज्ञान महाविद्यालयांनी उडी मारावी. स्वयंसेवी संस्थांनी त्यांच्या पाठीशी नमुने गोळा करणारा भागीदार म्हणून उभं राहावं.

देशातला पैसा सर्वांत सोपा. फताटेवाडीच्या एनटीपीसीसारख्या मोठ्या कंपन्या जिल्ह्यात आहेत, आणि पर्यावरण सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या, यादीत आहेच. पण सीएसआरचा पैसा देशाबाहेर खर्च करता येत नाही. त्याचा खरा उपयोग लघु अनुदानात ‘आपला वाटा’ दाखवायला.

परीक्षक काय विचारणार?

कोणतीही वाट धरली तरी एक प्रश्न येणारच: सोलापूरचा कचरा खरंच समुद्रापर्यंत जातो का? भीमा कृष्णेला मिळाल्यावर पुढे जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज आहे. तरंगणारं प्लास्टिक यातल्या कुठेतरी अडकणारच. आपल्याकडे तर उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं, कचरा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर साचतो आणि उजनीतून मोठा विसर्ग सुटला की एका रात्रीत पुढे निघतो. तेव्हा ‘आम्ही उपसागर वाचवू’ असं लिहिलंत तर परीक्षक पहिल्या पानावरच थांबेल. त्यापेक्षा मोजणी मागा: आषाढीच्या आधी आणि नंतर पंढरपूरच्या खाली किती कचरा सापडतो, विसर्गाच्या आधी आणि नंतर औजवर किती, रंगप्रक्रियेच्या सांडपाण्याचा अंश किती. हीच पद्धत श्रीलंकेतल्या एखाद्या नदीच्या मुखाशी भागीदाराने वापरली तर दोन देशांची तुलना उभी राहते आणि प्रकल्प खऱ्या अर्थाने सीमापार होतो. (आपली चादर सुती आहे, तेव्हा प्लास्टिकच्या सूक्ष्म तंतूंचा दोष तिच्यावर ढकलू नका. रंगांचा विचार मात्र करावाच लागेल.)

एफसीआरए नसलेल्या नव्या संस्थेने लघु अनुदानातून ही मोजणी दोन पावसाळे करावी आणि त्याच काळात तीन वर्षांची व पंधरा लाखांची अट पुरी करावी. नोंदणी असलेल्यांनी आजच श्रीलंकेत भागीदार शोधायला सुरुवात करावी आणि पहिल्याच पत्रात विचारावं की मुख्य अर्जदार कोण होणार आणि पैसा कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात जाणार. उत्तर आलं की ते अध्यक्षांच्याही आधी सीएकडे जाऊ द्या.